डागाची तारीख

कागदी लिंबाच्या पानावरचा डाग आधी बोटांनी बघावा, डोळ्यांनी मागाहून. पान चिमटीत धरायचं, वरून अंगठा, खालून तर्जनी, आणि चिमूट देठाकडून टोकाकडे हलकेच सरकवायची. एकाच जागी वर आणि खाली खरखर लागली तर तो खैऱ्या. दोन्ही बाजू गुळगुळीत, नुसता रंग बदललेला, तर भानगड दुसरी. ही परीक्षा मला मामांनी शिकवली. श्रीगोंद्याकडे त्यांची लिंबाची बाग होती. बागेतून चालताना त्यांचा एक हात कायम पानांवर असे. बोलणं आमच्याशी, लक्ष बोटांत. पुढे मी वनस्पतिरोगांवरची पुस्तकं वाचली, भिंग घेतलं, जिवाणूचं लांबलचक नाव पाठ केलं. तरी अंगणातल्या लिंबासमोर उभी राहिले की पहिल्यांदा चिमूटच पुढे जाते.

भिंगाखाली हा डाग बघण्यासारखा असतो. सुरुवात टाचणीच्या टोकाएवढ्या तेलकट ठिपक्याने होते. पान उजेडापुढे धरलं नाही तर तो दिसतही नाही. मग तो फुगू लागतो. पानाची त्वचा ताणते, फाटते आणि आतून तपकिरी, भुसभुशीत उंचवटा वर येतो. जुना झाला की मधोमध खचतो, काठ उभे राहतात, भोवती पिवळं वलय दिसतं. डाग म्हणजे पानाचा मेलेला भाग अशी आपली समजूत असते, आणि करप्याच्या बाबतीत ती खरीही आहे. खैऱ्यात मात्र पानाच्या पेशी मरण्याआधी वाढतात, नको इतक्या वाढतात. झँथोमोनास सिट्री नावाचा हा जिवाणू एक प्रथिन थेट पेशीत सोडतो. ते प्रथिन केंद्रकापर्यंत जातं आणि लिंबाच्याच एका जनुकाला जागं करतं. जनुक लिंबाचं, पेशी लिंबाच्या, वाढही लिंबाचीच. हुकूम तेवढा परक्याचा. बोटांना लागते ती ही वाढ.

हा जिवाणू वाटेल त्या पानात वाटेल तेव्हा शिरू शकत नाही. त्याला कोवळी पालवी लागते. पान पूर्ण वाढीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत आलेलं असतं, त्वचेला अजून राठपणा आलेला नसतो, तेवढे थोडे दिवस त्याचे. त्या दिवसांत पाऊस हवा, आणि पावसाबरोबर वारा हवा. नुसत्या रिपरिपीने फारसं बिघडत नाही. ताशी तीसेक किलोमीटरचा वारा सुटला की तो पाणी पर्णरंध्रांतून आत रेटतो आणि पाण्याबरोबर जिवाणूही जातो. मग उबदार हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत ठिपका दिसू लागतो. पान जून झालं की पुष्कळसं सुटतं. त्यानंतर शिरायचं तर जखमेतूनच: वाऱ्याने शेजारच्या फांदीचा काटा ओरबाडला, नाहीतर अळीने पान पोखरलं.

म्हणून प्रत्येक डागाला तारीख असते, आणि फांदी शेंड्याकडून बुडाकडे वाचत गेलं तर ती बऱ्यापैकी कळते. श्रावणात एक फांदी मी अशी वाचली होती. शेंड्याची पानं पोपटी, लुसलुशीत, एकही ठिपका नाही. त्यांच्याखालची पाच-सहा पानं डागांनी भरलेली. त्यांच्याखाली पुन्हा गर्द हिरवी, स्वच्छ, जून पानं. स्वच्छ जून पानं उन्हाळी पालवीची. ती पाऊस येईपर्यंत राठ झाली होती. मधली पालवी फुटली मृगाच्या पहिल्या सरींवर आणि आषाढातल्या त्या दोन-तीन वादळी दिवसांत नेमकी कोवळी सापडली. शेंड्याची पानं नंतर आलेली, उघडिपीतली. झाडाच्या पश्चिमेच्या अंगाला डाग जास्त, भिंतीच्या आडोशाला जवळजवळ नाहीत. एवढं कळल्यावर रोगाचं नाव सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

शेजारच्या वहिनी मात्र पान घेऊन येतात तेव्हा त्यांचा प्रश्न एकच असतो. "ताई, हे बघा ना. आता यावर काय मारू?"

या पानासाठी काहीच नाही, हे उत्तर कुणालाच आवडत नाही. डाग पुसणारं औषध नसतं. आपण फवारतो ते तांबं पानाच्या पृष्ठभागावर बसतं आणि बाहेरून येणाऱ्या जिवाणूला अडवतं. आत शिरलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे महिन्यापूर्वी झालेल्या गोष्टीवर आज बादलीभर पाणी उडवायचं, असा तो प्रकार होतो. वहिनींनी त्याआधी दुकानात विचारलेलं असतं. काउंटरवरच्या मुलाने पान उलटून न बघता तीन बाटल्या काढून दिलेल्या असतात: एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक टॉनिक. त्यातलं साधं बुरशीनाशक जिवाणूवर चालत नाही. अर्थात त्या मुलाला तरी किती बोलावं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांनाही खैऱ्या बुरशीचा वाटत होता. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्लारा हॅसे या बाईंनी १९१५ साली तो जिवाणूजन्य असल्याचं दाखवून दिलं. बागाईतदार तांब्याबरोबर स्ट्रेप्टोमायसिनसारखं प्रतिजैविकही वापरत आले आहेत. घरच्या एका झाडासाठी माणसाच्या औषधातलं प्रतिजैविक अंगणात उडवणं मला पटत नाही, आणि मी ते कुणाला सुचवतही नाही.

सदाहरित झाडाची खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर देवचाफा आहे. पावसाळा सरता सरता त्याला तांबेरा येतो. पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी साठते, हात लावला तर बोटाला लागते. चाफ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. हिवाळ्यात तो सगळी पानं टाकून मोकळा होतो आणि उन्हाळ्यात नव्याने सुरुवात करतो. लिंबाला ही सोय नाही. लिंबाचं पान वर्ष-दोन वर्षं झाडावर राहतं. झाड बारा महिने हिरवं दिसतं, कारण त्याची पानं एकदम गळत नाहीत. थोडी थोडी, एकेक करून गळत राहतात. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात डागाळलेली पानं या पावसाळ्याच्या पालवीच्या डोक्यावरच उभी असतात. जुना वाणी मागची बाकी पुढच्या पानावर ओढून घेई, तशी ही खतावणी आहे, आणि तिचं वर्षअखेर कधी होत नाही. डाग भिजला की त्यातून जिवाणू बाहेर पडू लागतात, थेंबाबरोबर खाली येतात आणि खाली कोवळी पालवी तयारच असते. पानांपेक्षाही काड्यांवरचे डाग वाईट. पान कधीतरी गळतं आणि जमिनीवर त्यातला जिवाणू काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत संपतो. काडीवरच्या खडबडीत गाठीत तो वर्षानुवर्षं टिकतो. लोक डागांची पानं तोडत बसतात आणि काडी तशीच ठेवतात.

डागाला तारीख असते याचा सगळ्यात जुना पुरावा लंडनमध्ये आहे. क्यू इथल्या वनस्पतिउद्यानाच्या संग्रहात वाळवून कागदावर चिकटवलेले जगभरातले नमुने जपलेले आहेत. त्यांत १८२७ ते १८३१ च्या दरम्यान हिंदुस्थानातून गोळा केलेलं महाळुंग आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ. फॉसेट आणि जेंकिन्स या अमेरिकन तज्ज्ञांनी असे जुने नमुने तपासले, तेव्हा महाळुंगाच्या पानावर त्यांना खैऱ्याचे डाग सापडले. १९३३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. जावा बेटावरून १८४० च्या दशकात आलेल्या कागदी लिंबाच्या नमुन्यावरही ते होते. नमुना गोळा करणाऱ्याने पान घेतलं ते झाडाची ओळख म्हणून. रोग आपला पानाबरोबर गेला आणि शंभर वर्षं कागदावर दाबून राहिला. खैऱ्या मूळचा आपल्याच बाजूचा, हे तेव्हापासून मानलं जातं. याचा अभिमान बाळगावा असं काही नाही, पण आपण त्याच्याशी जसे वागतो त्याचा उलगडा यातून होतो.

कारण जिथे तो परका म्हणून गेला, तिथे लोक त्याच्याशी फार वेगळे वागले. फ्लोरिडात तो १९१० च्या सुमारास जपानहून आलेल्या रोपांबरोबर पोचला. झाडं जागेवर जाळण्यात आली, आणि १९३३ साली तो संपल्याचं जाहीर झालं. ऐंशीच्या दशकात तो पुन्हा दिसला, पुन्हा झाडं गेली, १९९४ साली पुन्हा संपला. पुढच्याच वर्षी मायामीच्या वस्तीत, लोकांच्या परसात, तो परत हजर. या वेळी नियम ठरला की रोगट झाड सापडलं की त्याच्याभोवती १९०० फुटांच्या आतलं लिंबूवर्गातलं प्रत्येक झाड तोडायचं, मग ते कितीही निरोगी दिसो. पावसाळी वाऱ्याबरोबर रोग किती लांब उडी मारतो हे मोजून तो आकडा काढला होता. सरकारी माणसं करवती घेऊन घराघरांत शिरली. घरातल्या पहिल्या झाडापोटी शंभर डॉलरचं कूपन मिळे. लोक कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नियम उचलून धरला. त्याच वर्षी एकामागून एक चक्रीवादळं आली, पुढच्या वर्षी विल्मा आलं आणि वाऱ्यापावसाने रोग राज्यभर नेऊन पोचवला. जानेवारी २००६ मध्ये निर्मूलनाचा नाद सोडण्यात आला. तोवर दीड कोटीहून अधिक झाडं पडली होती.

त्यांना हसण्याचं कारण नाही. त्यांच्या संत्र्यांचा आणि ग्रेपफ्रूटचा सगळा व्यापार पणाला लागला होता, आणि १९०० फुटांमागचं गणित खरं होतं. वादळाने गणिताची मर्यादा ओलांडली एवढंच. पण आपल्याकडे कुणा कृषी अधिकाऱ्याने वाड्यातलं लिंबाचं झाड तोडायला माणसं पाठवली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून मला हसू येतं. आपल्याकडे खैऱ्या संपवायचा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. तो आहे, तो राहणार, आणि तरीही श्रीगोंद्याच्या, अकोल्याच्या लिंबांवर उन्हाळाभर सरबतं होत आली आहेत.

खरखर लागली नाही तर? तिथे बोटांचं काम संपून डोळ्यांचं सुरू होतं. पानावर चंदेरी, नागमोडी रेघ असेल तर ती नागअळीची. दोन-तीन मिलिमीटरचा पतंग कोवळ्या पानावर अंडी घालतो, अळी त्वचेच्या आतून बोगदा खणत जाते आणि शेवटी पानाची कड दुमडून कोषात बसते. ही अळी एकटी असती तर मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं असतं. पण तिचा बोगदा म्हणजे खैऱ्याला उघडं दार; नागमोडी रेघेच्या कडेकडेने डागांची रांग लागलेली पानं अनेकदा मिळतात, आणि त्या दोघांची कोवळ्या पालवीची वेळही एकच. टोकाकडून किंवा कडेने आत सरकत गेलेला, सपाट, राखी-तपकिरी डाग आणि त्यात बारीक काळ्या टिंबांची वर्तुळं दिसली तर तो करपा. करपा आधीच अशक्त झालेल्या फांदीला धरतो. तिथे फवारणीआधी मुळाशी पाणी साचतंय का ते बघायचं. काळा थर बोटाने पुसला जात असेल तर ती काळी माशी किंवा मावा यांच्या चिकट्यावर वाढलेली काजळी. पानात रोग नाहीच. नुसती टोकं जळालेली असतील तर बोअरच्या खाऱ्या पाण्याची चव घेऊन बघावी.

पिवळेपणाचं सगळ्यात चकवणारं. जस्त कमी पडलं की नवी पानं बारीक येतात आणि शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो. मॅग्नेशियम कमी पडलं की जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो आणि बाकीचं पान पिवळं होतं. दोन्हींत मधल्या शिरेच्या डाव्या-उजव्या अंगाला नक्षी साधारण सारखी पडते. सायला किडीमार्फत पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगात ती तशी पडत नाही. तिथे पेनाने मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन गोल काढायचे आणि गोलांच्या आत काय आहे ते ताडून बघायचं. एकात पिवळं, दुसऱ्यात हिरवं असं वारंवार दिसलं तर लक्षण चांगलं नाही, कारण त्या रोगावर इलाज नाही. उपाशी झाड आणि आजारी झाड यांतला फरक बॉलपेनने कळतो, याची मला अजून गंमत वाटते.

आणि पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं आणि ते हललं, तर ते फुलपाखराचं पिल्लू. त्याला मी दोन-चार पानं खाऊ देते. यावर वहिनींचं आणि माझं एकमत नाही.

खैऱ्या ठरला की काम पुढच्या पालवीचं. आधी कात्री. पाऊस सुरू होण्याआधी, ज्येष्ठाच्या कोरड्या दिवसांत, खडबडीत गाठी असलेल्या काड्या गाठीच्या खाली निरोगी भागात कापायच्या, कात्रीची पाती मधूनमधून स्पिरिटने पुसायची आणि कापलेलं सगळं जाळायचं. भर पावसात कधीच छाटू नये. ओल्या पात्याने आपणच रोग फांदी-फांदीला वाटत सुटतो. मग बोर्डो. अंगणातल्या झाडाला लिटर-दोन लिटर पुरतं. लिटरमागे दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद रात्रभर प्लास्टिकच्या भांड्यात भिजत घालायचा, लोखंडी बादलीत नाही. सकाळी ते निळंशार पाणी आणि गाळलेली चुन्याची निवळी नव्हे, तर दुधासारखं चुनापाणी, दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. रंग फिका आकाशी येतो. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला, तसंच फवारलं तर पानं भाजतील. आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

हे मिश्रणसुद्धा कुणाच्या तरी चौकस नजरेतून आलेलं आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळच्या मेडॉक भागात १८८२ साली द्राक्षांवर केवड्याने कहर केला होता. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींवर मात्र पानं शाबूत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालक त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत; निळसर दिसलं की लोक विषाला भिऊन हात लावत नसत. तीन वर्षांनी मिलार्देने कृती प्रसिद्ध केली. नाशिकच्या बागांत ती आजही चालते.

फवारणीची मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. पान वाढतं, त्यावरचा तांब्याचा लेप वाढत नाही. आज झाकलेलं पान आठवड्यात दुपटीने मोठं होतं आणि मधली जागा उघडी पडते. म्हणून पालवीवर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावं लागतं, आणि अगदी कोवळ्या पानांना बोर्डोपेक्षा लिटरला तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड सोसतं. उत्साहाने दर आठवड्याला मात्र मारू नये. तांबं मातीत साठतं, कुंडीत तर लवकरच. नागअळीसाठी पालवी दिसू लागताच निंबोळी अर्क.

पण माझा भरवसा फवाऱ्यापेक्षा आडोशावर जास्त आहे. मामांच्या बागेच्या पश्चिमेला शेवरीची दाट ओळ होती. वाऱ्याचा जोर तिथेच मोडायचा. कुंडीतल्या लिंबाला तर इतकंही नको. आषाढात पालवी कोवळी असेपर्यंत कुंडी छपराखाली किंवा भिंतीआड सरकवायची, पानं राठ झाली की पुन्हा बाहेर. पाणी मुळाशी द्यायचं, नळीने झाडाला आंघोळ घालायची नाही. आणि मृगाच्या तोंडावर युरिया टाकायचा नाही. त्याने जोमदार पालवी फुटते, नेमकी वाऱ्यापावसाच्या तोंडी द्यायला. नवं झाड लावायचं असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई सरबती किंवा परभणीचं प्रमालिनी घ्यावं. दोन्ही खैऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. पूर्ण निर्धास्त असं कागदी लिंबू मला माहीत नाही.

वहिनींनी यंदा कुंडी सरकवली, काड्याही कापल्या. फळांवर तरी थोडे डाग आलेच, कारण ती फळं छाटणीच्या आधीची. बाजार समितीत आडते असा माल वेगळा काढतात आणि भाव पाडतात. वहिनींनी परडीभर आणून दाखवली आणि विचारलं, "ताई, ही लोणच्याला चालतील का?" चालतात. माणसाला त्या जिवाणूने काही होत नाही आणि रसात फरक पडत नाही. साल फार खरखरीत असेल तेवढी चकती सुरीने काढायची. मीठ नेहमीपेक्षा जास्त लागत नाही.